माझ्या खांद्याचे परीक्षक

माझ्या उजव्या खांद्यात जितक्या लोकांनी बोटं घातली, तितक्यांनी आमच्या टेंभुर्णीच्या बाजारात वांगीसुद्धा दाबून बघितली नसतील. आणि वांग्याचं बरं असतं. पसंत नाही पडलं तर माणूस गुपचूप ठेवून देतो. माझा खांदा ज्यानं त्यानं दाबला, ओढला, पिरगळला आणि वर 'हिला काही झालेलं न्हाई' असा निकाल देऊन हात झटकत घरी गेला. निकाल द्यायला काही शिकावं लागतं, असं कुणाला वाटतच नव्हतं. खांदा प्रत्येकाला असतो, तेवढं शिक्षण पुरे.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची. मी मूळची परतूरची. माझे वडील तिथल्या कचेरीत चपराशी होते. मला दिलं टेंभुर्णीच्या शेतकऱ्याच्या घरी. जमीन काळीभोर, ज्वारी आणि कापूस भरपूर, आणि घरात माणसं मात्र तीन. आत्याबाई म्हणजे माझी सासू, आमचे हे, आणि मी. एक लेक झाल्ती, ती लग्न करून सासरी गेल्ती. मुलगा नव्हता. ही शेवटची गोष्ट मला माहीत नसावी अशा समजुतीनं आत्याबाई मला ती रोज एकदा सांगायच्या.

तेव्हा माझं वय पस्तीस असेल, नाहीतर अडतीस असेल. कुणी लिहून ठेवलंय!

एके दिवशी सकाळी आंघोळ करून लुगडं नेसत होते. कासोटा खोचायला उजवा हात मागं नेला, तो कमरेच्या बाजूलाच अडला. मला वाटलं पदरात अडकला. पदर सोडवला, पुन्हा नेला. पुन्हा तिथंच. जोर लावला तर खांद्यातून अशी कळ निघाली की मी 'आई गं' म्हणून भिंतीला टेकले. शेवटी डाव्या हातानं कसाबसा कासोटा खोचला आणि चुलीपुढं जाऊन बसले. म्हटलं वारा धरला असेल, जाईल दोन दिवसांत.

दोन दिवसांत कसला जातोय! महिन्याभरात हात खांद्याच्या वर जाईना. अंबाडा घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना, हांडा डोक्यावर घेता येईना. त्या कुशीवर झोपायचं तर नावच नको. जातं मी डाव्या हातानं ओढायला लागले आणि पीठ असं निघायचं की भाकरीत कण्या लागायच्या.

एक गोष्ट मात्र जमायची, आणि तिनंच माझा घात केला. भाकरी थापता यायची. कोपर अंगाशी ठेवून परातीत थापायचं, त्याला खांदा वर करावा लागत नाही. हे मला कळत होतं. आत्याबाईंना एवढंच दिसत होतं की हिचा हात चालतो.

"भाकर थापाया चालतो, अन् हांडा उचलाया चालत न्हाई," त्या म्हणाल्या. "कसला ह्यो निवडून निवडून दुखणारा हात गं बाई!"

"आत्याबाई, वर न्यायला दुखतो. खाली न्हाई दुखत."

"खायच्या कामाला बराबर चालतो म्हन की."

झाला निकाल. पहिल्या परीक्षेत मी नापास.

बरं, निकाल लागल्यावर परीक्षा थांबावी की नाही? छे! आत्याबाईंना पुरावा पाहिजे होता, आणि पुरावा गोळा करण्यात त्यांनी जी हुशारी दाखवली ती पाहून जिल्ह्याच्या पोलिसांनी त्यांना नोकरीत घ्यायला हवं होतं. मी दाणे निवडत बसले की त्या मागून येऊन एकदम ओरडायच्या, "साप! साप!" हेतू असा की मी घाबरून दोन्ही हात वर करावेत. मी घाबरायची, नाही असं नाही. पण साप दिसल्यावर माणूस पायांनी पळतो, त्यात खांद्याचं काय काम? तीनदा पळाल्यावर मी पळायची सुद्धा बंद झाले. मग एकदा खरोखरचा साप निघाला परसात, तेव्हा त्या ओरडत राहिल्या आणि मी ढिम्म बसून राहिले. त्या दिवशी दोघीही वाचलो हे देवाचे उपकार.

मग त्यांनी उतरंडीवरचं पितळी पातेलं माझ्या डोक्यावर येईल असं ढकललं. चुकून ढकललं म्हणे. मी ते डाव्या हातानं धरलं.

"बघा! डाव्यानं धरलं!" त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवलं. "म्हंजी उजवा लपवून राह्यली."

मी उजव्यानं धरलं असतं तर उजवा चालतो हे सिद्ध झालं असतं. डाव्यानं धरलं तर उजवा लपवते हे सिद्ध झालं. डोक्यात पडू दिलं असतं तर नाटक करते हे सिद्ध झालं असतं. असा कायदा इंग्रजाच्या राज्यात तरी होता का, मला शंका आहे.

शेजारणी तरी कमी कशाला राहतील! जी यायची ती आपली एक परीक्षा पदरात बांधूनच यायची. एक म्हणाली, "डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर." ही परीक्षा शाळेत नाव घालताना पोरांची घेतात. हात कानाला पोचला तर पोरगं शाळेच्या वयाचं. माझा हात कपाळापर्यंतसुद्धा गेला नाही. म्हणजे मी शाळेत घालण्याइतकी सुद्धा मोठी नव्हते. दुसरी म्हणाली, पाठीला मुंगी चावल्यासारखं खाजव. तिसरीनं काही न विचारता खांद्याच्या खोबणीत अंगठा रुतवला आणि मी किंचाळल्यावर समाधानानं मान डोलावली. "दुखतं खरं हिचं," ती म्हणाली. तेवढ्या एका वाक्यावर मला तिचे पाय धरावेसे वाटले. पण पुढं म्हणाली, "पर एवढं काय! समद्यांचंच दुखतं."

शेवटी आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. आमचे हे म्हणजे भला माणूस. भला म्हणजे कुणाच्याच बाजूला नसलेला. आईपुढं म्हणायचे, "माय म्हणती तेबी खरं हाय." माझ्यापुढं म्हणायचे, "तुझंबी खोटं न्हाई." आणि बैलांना चारा घालायला निघून जायचे. बैलांची बाजू मात्र त्यांनी जन्मभर सोडली नाही. त्यांनी गावातल्या तालमीचे वस्ताद बोलावले. वस्ताद पैलवानांची निखळलेली हाडं बसवायचे, पंचक्रोशीत नाव होतं. आता परक्या पुरुषानं बाईच्या खांद्याला हात कसा लावायचा? यावर आत्याबाईंनी तोड काढली. माझ्या अंगावर डोक्यापासून घोंगडी टाकली. वस्तादांनी घोंगडीवरून तपासायचं.

आत अंधार, घोंगडीची कुसं टोचताहेत, आणि बाहेर वस्ताद खांदा कुठं आहे ते चाचपून राह्यलेत! पहिल्यांदा त्यांना माझा अंबाडा सापडला. तो त्यांनी बराच वेळ दाबला.

"गाठ आली हाय," वस्ताद गंभीरपणे म्हणाले.

"वस्ताद, तो अंबाडा हाय," मी आतून म्हटलं.

मग खांदा सापडला. वस्तादांनी मनगट धरलं, आमच्या ह्यांना माझी पाठ धरायला सांगितलं, आणि विहिरीतून मोट काढावी तसा हात ओढला. मी जी आरोळी ठोकली ती वेशीपर्यंत गेली असं नंतर कळलं. घोंगडीतून बाहेर आले तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. वस्ताद हात धूत होते.

"उतरला हुता. बसवला," ते म्हणाले. "आता बी उचलला न्हाई, तर ती बाईची मर्जी."

पुढचे पंधरा दिवस मला भाकरीसुद्धा थापता येईना. आत्याबाईंनी सगळ्या गावाला सांगितलं की वस्तादांनी खांदा बराबर बसवला तरी ही काम करीना. आणि मग पहिल्यांदा ती गोष्ट निघाली.

त्या ओसरीवर बसून आमच्या ह्यांना म्हणाल्या, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "दुसरी करून घे बाबा. पोरगं बी न्हाई, हात बी न्हाई. म्या किती दिस पुरनार? वाटूरकडचं एक स्थळ आलंय."

हे उठले. बैलांकडं गेले.

आता खोटं कशाला बोलू? त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली. दुसरी बायको आणणं त्या काळी गुन्हा नव्हता, आमच्याच भावकीत दोन घरांत दोघी-दोघी नांदत होत्या. त्यांतली थोरली कशी नांदते तेही मी बघत होते. तिला जेवायला मिळायचं. बस, तेवढंच मिळायचं. मुलाच्या नावानं आजवर बोलणी खाल्ली, पण ती नुसती बोलणी होती. आता खांद्याचं निमित्त सापडलं होतं. मी काम करू शकते की नाही, आणि करू शकत नसेन तर ते खरं की सोंग, एवढ्यावर माझं घर ठरणार होतं.

आत्याबाई वाटूरकडच्या मुलीची माहिती काढायला लागल्या. मुलगी भरला हांडा डोक्यावर घेऊन दोन कोस चालते म्हणे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या विचारायच्या, "खांदे कसे हायत तिचे?" बैल घेताना दात बघतात, इथं खांदे. माझ्यामुळं लग्नाच्या बाजारात एक नवीन परीक्षा सुरू झाली, एवढं श्रेय मला द्यायला हरकत नाही.

कापूस निघाला. आमचे हे दरवर्षी गाड्या घेऊन जालन्याच्या बाजाराला जायचे. मी त्यांना गाठून म्हटलं, "जालन्याला डॉक्टर हाय, हैदराबादेत शिकून आलेला. मला दाखवून आणा."

आत्याबाईंनी ऐकलं. "बाप्या डागदरापुढं दंड उघडा करनार व्हय? आपल्या घरात आजवर कुनी केला न्हाई."

यावर जो तोडगा निघाला तो जगात फक्त आमच्याच घरात निघू शकतो. माझ्याऐवजी आमचे हे जाऊन डॉक्टरला दाखवणार! कुठं दुखतं, हात किती जातो, किती नाही, ते ह्यांनी नीट शिकून घ्यायचं आणि डॉक्टरपुढं करून दाखवायचं. निघायच्या दिवशी सकाळी हे माझ्यासमोर उभे राहिले. मी हात उचलला, जेवढा जात होता तेवढा. त्यांनी उचलला. मी हात मागं नेला, अडला तिथं थांबले, तोंड वाकडं केलं. त्यांनीही हात मागं नेला, तिथंच थांबवला आणि तोंड माझ्यापेक्षा जास्त वाकडं केलं. मला तर वाटलं, बाई गं, ह्यांना माझं दुखणं कळलं! लग्नाला वीसएक वर्षं झाल्ती, आम्ही इतका वेळ समोरासमोर कधी उभे राहिलो नव्हतो. मला खरंच बरं वाटलं. मूर्ख बाई मी.

पाच-सहा दिवसांनी परत आले. ओसरीवर बसून सांगायला लागले. आत्याबाई आणि मी ऐकून राह्यलो.

डॉक्टरनं म्हणे त्यांचाच हात आधी तपासला. आत-बाहेर फिरवला. "तुमचा हात बिलकुल तंदुरुस्त आहे," म्हणाला. हे म्हणाले, "माझा न्हाई साहेब, मालकिणीचा." मग डॉक्टरनं विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखतं? हे म्हणाले, "बरेच दिस झाले." केस विंचरता येतात का? "आता मी काय बघाया जातो व्हय?" कोणत्या कुशीवर झोपतात? "तिचं ती झोपती." पडल्या होत्या का, कुठं आपटल्या का? "असंल."

"आन् शेवटाला चिठ्ठी दिली," हे म्हणाले. चिठ्ठी उर्दूत होती, ह्यांना शाळेत शिकल्यामुळं वाचता यायची. त्यांनी बोट ठेवून वाचली. "डावा खांदा. तेल चोळून शेक द्यावा. मरीज को साथ लाना."

"काय म्हणालात?" मी म्हटलं. "कोणता खांदा?"

"डावा."

"माझा उजवा दुखतो!"

हे गोंधळले. उभे राहिले, मला समोर उभं केलं, आपला डावा हात उचलून माझ्या उजव्याकडं बोट दाखवलं. "ह्यो बघ की. समोरून तर इकडंच दिसतो."

मी कपाळाला हात लावला. डावाच लावला, उजवा जात नव्हता. आरशापुढं उभं राहिल्यासारखी त्यांनी माझी नक्कल केल्ती, आणि तीच नक्कल जालन्यापर्यंत सांभाळून नेल्ती. चूक तशी साधी आहे, कुणाचीही होईल. पण वीस वर्षं ज्या हातानं त्यांना वाढलं, तो उजवा की डावा हे माणसाला आठवून बघावंसं वाटलं नाही, याचं मला फार लागलं. अजून लागतं. भल्या माणसांचा हाच त्रास असतो, त्यांच्यावर चिडताही येत नाही आणि त्यांचा उपयोगही होत नाही.

आत्याबाईंना मात्र पर्वणी मिळाली. "डागदर डावा म्हन्तो, ही उजवा म्हन्ती! सरकारी भाषेत लिवलंय! आता खरं कुनाचं मानायचं?" त्यांनी ती चिठ्ठी, जिचं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, देवळीत हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवून दिली. आला-गेला की चिठ्ठी दाखवायच्या. मी ढोंगी आहे हे आता कागदोपत्री सिद्ध झाल्तं. वाटूरला निरोप गेला की येत्या पंधरवड्यात मुलगी बघायला येतो.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी चुलीपुढून उठले, पदर खोचला आणि ओसरीवर दोघांच्या समोर जाऊन उभी राहिले. सासूसमोर आणि नवऱ्यासमोर असं उभं राहून मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"मला आधी जालन्याला न्या. मी स्वतः दाखवणार. डॉक्टर म्हणाला हिला काही झालेलं न्हाई, तर वाटूरची खुशाल आणा. मी माझी माझी परतूरला निघून जाईन, तुमच्या दारात पाऊल टाकणार न्हाई."

हे बैलांकडं जायला उठले.

"बसा!" मी म्हटलं. आणि काय नवल, बसले.

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत चक्क आनंद होता. "चल. म्या बी येते," त्या म्हणाल्या. "डागदराच्या तोंडूनच ऐकू दे तुझं ढोंग."

दोन दिवसांचा बैलगाडीचा प्रवास. मी मनातल्या मनात भाषण तयार करून राह्यले होते. डॉक्टरनं माझं दुखणं खरं म्हटलं, तर त्या म्हातारीला तिथंच, भर दवाखान्यात, काय काय सुनवायचं याची यादी. साप, पातेलं, घोंगडी, चिठ्ठी, वाटूर. तेरा महिन्यांचं साठलं होतं. एकेक वाक्य मी खडीसाखरेसारखं तोंडात घोळवत होते. आणि मधेच मनात यायचं, डॉक्टरलाही नाहीच दिसलं तर? दुखणं काही गळवासारखं बाहेर दिसत नाही. तेरा महिने सगळं गाव म्हणतंय नाटक, नाटक, नाटक. कधी कधी मलाही वाटायचं, खरंच करते की काय मी?

डॉक्टर चाळिशीचा होता, चष्मा, साधा कोट. मराठीच बोलायचा, पण हैदराबादेत राहून जिभेवर उर्दू चढली होती. आमचे हे बाहेर गाडीपाशी थांबले. मला स्टुलावर बसवलं. आत्याबाई माझ्या आणि डॉक्टरच्या मधोमध भिंतीसारख्या उभ्या राहिल्या, तेव्हा तो म्हणाला, "माय, जरा बाजूला. मी आधी हात नाही लावणार, नुसतं बघणार."

आणि खरंच त्यानं हात लावला नाही! तेरा महिन्यांत पहिला माणूस, ज्यानं आधी बघितलं.

"दोन्ही हात एकदम वर करा, बाई. जमेल तितके."

डावा वर गेला. उजवा छातीपर्यंत जाऊन थांबला, आणि खांदा कानाकडं चढला.

"आता मागं न्या, कासोटा खोचतात तसे."

मी चमकले. याला कसं कळलं? उजवा कमरेशीच अडला.

"अंबाडा घालतात तसे मानेमागं न्या." तेही नाही. "आता कोपरं कमरेला चिकटवा. पंजे पुढं. असेच पंजे बाहेरच्या बाजूला उघडा, दाराची दोन फाळकं उघडतात तसे." डावं फाळकं उघडलं. उजवं होतं तिथंच. याला ना ताकद लागते, ना हांडा उचलावा लागतो. एवढं साधं, आणि तेही होईना. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्यानं मान फिरवायला लावली, त्याची बोटं माझ्या दोन्ही मुठींत घट्ट आवळायला लावली. "ताकद आहे," म्हणाला. "मानही बराबर आहे."

हेच ऐकायला आत्याबाई थांबल्या होत्या. "ताकद हाय ना? म्या तेच म्हन्ते, डागदर साहेब! ती उचलीत न्हाई, पर उचलता येतोय."

डॉक्टरनं त्यांच्याकडं बघितलं. रागावला नाही. "मग तुम्हीच उचला, माय," तो म्हणाला.

"म्या?"

"हो. जो माणूस सोंग करतो, तो स्वतः उचलत नाही. पण त्यानं हात ढिला सोडला आणि दुसऱ्यानं उचलला, तर सांध्याला काय माहीत सोंग? सांधा फिरतो. तुमचा डावा हात इथं ठेवा, पाठीच्या ह्या फऱ्यावर, ह्या पसरट हाडावर. फरा दाबून धरा, हलू देऊ नका. आणि उजव्या हातानं हिचा दंड वर न्या. बाई, तुम्ही बिलकुल ढिला सोडा."

मी हात सोडून दिला. म्हटलं घे बाई, वस्तादांचं राहिलेलं तू पुरं कर. आत्याबाईंनी मोठ्या उत्साहानं फऱ्यावर पंजा दाबला, दंड धरला आणि उचलला.

थोडा उचलला गेला. मग थांबला. त्यांनी जोर केला. फरा त्यांच्या पंजाखालून वर सरकायला लागला, पण दंड त्याच्यापासून सुटून वर जाईना.

"फरा धरून ठेवा," डॉक्टर म्हणाला.

त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा उचलला. या वेळी हळू. पुन्हा तिथंच अडला. मी दात आवळून बसले होते, पण हात ढिलाच सोडला होता. तो त्यांच्या हातात पूर्ण सोडला होता आणि ते त्यांना कळत होतं. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला नाही. नुसता धरून राहिल्या. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, त्या मागं होत्या. मला एवढंच कळलं की त्यांनी माझा हात खाली आणला, आणि आदळला नाही. सावकाश मांडीवर आणून ठेवला.

"सांधा आतून आखडलाय," डॉक्टर म्हणाला. "सोंग नाही हे. पण घाबरू नका, असा खांदा आपोआप सैल पडतो. अजून वर्ष, कदाचित जास्तच. रोज तेल, शेक, आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. ओढाताण बिलकुल करायची नाही. हांडा नको, जातं नको."

झालं! जिंकले! मी गर्रकन मागं वळले. तोंडात पहिलं वाक्य तयार होतं.

आत्याबाई माझ्याकडं बघतच नव्हत्या. त्या आपल्या स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"डागदर साहेब," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान, की तो त्यांचा आहे हे मला पटेना. "माझा ह्यो असाच झाल्ता."

"कधी?"

"लई दिस झाले. ल्योक रांगत हुता तवा. दीड वरीस ह्यो वर जात नव्हता. मागं जात नव्हता. लेकराला कडंवर घेता येईना." त्यांनी तो खांदा दाबून बघितला. "मंग त्यो... त्यो बी खरा हुता?"

डॉक्टरनं चष्मा काढला. "खराच असणार, माय. असं सोंग कुणाला दीड वर्षं जमत नाही."

"समदी म्हनायची ढोंग हाय. सासू म्हनायची, नवरा म्हनायचा. म्या आधी म्हनायची, 'न्हाई हो, दुखतंय.' मंग मलाबी वाटाया लागलं, आपल्याच अंगात आळस भरलाय." त्यांचा हात अजून खांद्यावरच होता. "म्या द्येवापुढं नाक घासलं, साहेब. म्हनलं माझा आळस काढ. मंग एक दिस हात वर गेला. मला वाटलं द्येवानं माफ केलं."

त्या बाहेर गेल्या. गाडीपाशी आमचे हे उभे होते, त्यांना म्हणाल्या, "वाटूरला सांगावा धाड. यायचं न्हाई म्हनून."

"का गं माय? काय म्हनला डागदर?"

"धाड म्हनलं ना!"

आणि गाडीत चढून बसल्या, तोंड फिरवून.

मी त्यांच्या शेजारी बसले. माझं घर वाचलं होतं. आनंदानं उड्या मारायला पाहिजे होत्या, आणि मला आला तो राग. तेरा महिने घासून-पुसून ठेवलेली एवढी छान वाक्यं, आणि म्हातारीनं ती एका प्रश्नात मातीत घातली! साप काढू, की पातेलं काढू? जिनं आयुष्यभर आपलं खरं दुखणं आळस म्हणून सोसलं, आणि जी चूक नव्हतीच तिची माफी मागितली, तिला मी काय सुनवणार? तिनं मला जे केलं ते सगळं तिला कुणीतरी केल्तं, आणि तिनं ते खरं मानल्तं. मला निदान ते खरं नव्हतं एवढं तरी ठाऊक होतं.

मला भांडायचं होतं. कडाकडा भांडायचं होतं. गाडी चालत राहिली आणि माझ्या लक्षात आलं की जिच्याशी भांडायचं ती ही बाईच नव्हे. ती हिची सासू. आणि ती मी या घरात यायच्या आधीच मरून गेल्ती.